कारखान्याच्या आवारातलं अळू

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे एक बंद पडलेला कारखाना आहे. नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या, बिजागऱ्या असल्या वस्तूंना तिथे चकचकीत मुलामा चढवायचे. दिल्लीतले असे कारखाने कोर्टाच्या हुकमानं हलले, तसा हाही हलला. मालक कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. मागे राहिल्या गंजक्या टाक्या, पिवळट-हिरवे डाग पडलेली जमीन आणि उन्हाळ्यात नाकात बसणारा एक वास.

आमची सोसायटी केंद्र सरकारच्या नोकरदारांची. अर्धी मराठी, अर्धी बाकीच्या भारताची, आणि बहुतेक सगळे निवृत्त. सकाळी फिरायला जाणारे कमी, अर्ज लिहिणारे जास्त. त्या जमिनीची साफसफाई करा आणि आम्हाला तिथे बाग करून द्या, असे अर्ज आमच्याकडून इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणी गेले की पोस्टमनलाही मजकूर पाठ असेल. उत्तर एकच यायचं : यासाठी निधी उपलब्ध नाही.

तर अशात माझी आई गेली आणि बाबा माझ्याकडे राहायला आले. नवऱ्याची नोकरी चेन्नईला, मी इथे एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. सकाळी मी मेट्रोनं गेले की बाबा दिवसभर एकटे. वर्धा जिल्ह्यातला माणूस, पोस्टातून निवृत्त झालेला, पारावर बसून चार लोकांशी बोलायची सवय. इथे लिफ्टमध्ये लोक एकमेकांकडे न बघता मजल्याच्या आकड्यांकडे बघतात. बाबा गॅलरीत बसून राहायचे. मला ऑफिसात बसल्या जागी त्यांची काळजी वाटायची आणि घरी आल्यावर त्यांच्यावरच चिडचिड व्हायची.

येताना त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून धोप्याचे कंद आणले होते. आमच्याकडे अळूला धोपा म्हणतात. कुंडीत तो काही धरेना. एक दिवस खालून फेरफटका मारताना बाबांना मागच्या भिंतीत एक भगदाड दिसलं. आत गेले, तर आमच्या पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो नेमका तिकडे सांडत होता आणि तेवढा तुकडा बारा महिने ओला. झालं! कंद तिथे गेले, आणि बघता बघता हत्तीच्या कानाएवढी पानं आली. काळा देठ, लुसलुशीत, घशाला अजिबात न खाजणारी.

दिल्लीत वडीचं अळू मिळवायचं म्हणजे आयएनए मार्केटपर्यंत वारी, आणि तिथेही मिळतं ते अर्धमेलं. त्यामुळे बाबांची पहिली जुडी जिन्यात उतरली तेव्हा काय झालं ते सांगायला नकोच. तिसऱ्या मजल्यावरच्या पुण्याच्या काकू, ज्यांचं कौतुकसुद्धा तक्रारीसारखं ऐकू येतं, त्या म्हणाल्या, "बरी आहेत. उद्या अजून द्या." तळमजल्यावरच्या पंजाबी आंटींनी त्याचे पकोडे केले. बाबांना 'अळूवाले काका' असं नाव पडलं. लिफ्टमध्ये लोक थांबून विचारायला लागले, काका, इस हफ़्ते पत्ते हैं क्या? आणि काका छाती फुगवून म्हणायचे, "हौ, है ना!"

आता गंमत बघा. हेच लोक एका हातानं अर्ज लिहायचे, की या जमिनीत विष आहे, आणि दुसऱ्या हातानं त्याच जमिनीतली पानं पिशवीत भरायचे. मीही त्यातलीच. जमीन वेगळी आणि बाबांचा धोपा वेगळा, असंच आम्हा सगळ्यांच्या डोक्यात होतं. कुणी कधी दोन्ही शेजारी ठेवून बघितलंच नाही.

बाबांच्या दृष्टीनं त्या पानांना आणखी एक अर्थ होता. ते ज्या गावात वाढले तिथे माझ्या आजोबांच्या हातचं पाणी कुणी घेत नसे. आजोबांच्या परसातली भाजी फुकट दिली तरी वरच्या आळीत ती जनावरांपुढे पडायची. आणि इथे बाबांची पानं काकूंच्या गणपतीच्या नैवेद्यालाही जायची आणि आमच्या बुद्धपौर्णिमेच्या जेवणालाही. मला यात भारावण्यासारखं काही वाटायचं नाही. पानं ताजी, वर फुकट. खाणाऱ्यांनी काय उपकार केले? पण बाबा संध्याकाळी मला कोणाकोणाकडे जुडी गेली ते सांगायचे, तेव्हा त्यांचा आवाज वेगळा असायचा. मी भांडी घासता घासता ऐकायची.

मग गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या अर्जांना चक्क उत्तर आलं. अशा जुन्या कारखान्यांच्या जमिनी सरकारी पैशानं आधी तपासायच्या आणि मग साफ करायच्या, अशी योजना निघाली होती. आमच्या मागच्या जमिनीची प्राथमिक पाहणी करायला टीम येणार होती. सोसायटीत दिवाळी! सेक्रेटरी काका साताऱ्याचे, सरकारी बांधकाम खात्यात हयात गेलेली. त्यांनी तातडीनं मीटिंग बोलावली आणि म्हणाले, "इन्स्पेक्शन आहे. आपली लाज राखायची."

आणि इथेच आमचा घोटाळा झाला. इन्स्पेक्शन म्हटलं की सरकारी माणसाचे हात आपोआप चुन्याकडे जातात. जन्मभर तेच केलेलं. साहेब येणार म्हटल्यावर विटांच्या कडेला गेरू, वाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा, कुंड्या, आणि जे काही ओंगळ असेल ते पडद्याआड. मी त्या दिवशी अर्धी रजा टाकून घरी आले आणि बघते तर काय, कारखान्याच्या फाटकापासून आतल्या टाक्यांपर्यंत पांढऱ्याशुभ्र रेघा! टाक्यांना गेरू. प्रत्येक घरातून उसनी आणलेली बोगनवेल आणि मनीप्लांट. भिंतीतल्या भगदाडासमोर सोसायटीच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट उभं केलेलं. बाबांच्या धोप्यावर हिरवी जाळी आणि तिच्यावर 'सुस्वागतम्'. बाबांना सक्त ताकीद की खाली यायचं नाही. सरकारी जागेत घुसखोरी केली म्हणून उगाच शेरा यायचा.

टीमबरोबर गुरुग्रामच्या एका कंपनीची इंजिनीअर मुलगी आली होती. तिशीतली, डोक्यावर टोपी, हातात पिस्तुलासारखं यंत्र. ते मातीवर टेकवलं की कुठला धातू आहे ते कळतं. ती दोन पावलं आत आली, चुन्याच्या रेघा बघितल्या, आणि कपाळाला हात लावला.

"ये किसने डाला?"

"आपके स्वागत में," सेक्रेटरी काका म्हणाले.

"अंकल, मुझे मिट्टी देखनी है, चूना नहीं!"

बिचारी उन्हात चुना खरवडून खरवडून मातीपर्यंत पोचली. मग तिनं विचारायला सुरुवात केली. आत कुणी येतं का? मुलं खेळतात का? इथलं पाणी कुणी वापरतं का? इथे काही पिकतं का? प्रत्येक प्रश्नाला सेक्रेटरी काकांचं एकच बाणेदार उत्तर, "बिल्कुल नहीं! परिंदा भी नहीं!" मागे उभे असलेले सगळे निवृत्त माना डोलवत होते. गेल्याच आठवड्यात माझ्याकडून जुडी नेलेले लोक!

मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेले तेव्हा तिनं सरळ सांगितलं. यंत्र क्रोमियम आणि निकेल दाखवतंय, थोडं शिसंही आहे. पण देशभरात अशा जागा पुष्कळ आणि पैसा मोजका. "मॅडम, पैसा पहले वहाँ जाता है जहाँ लोग मिट्टी छूते हैं, पानी पीते हैं, कुछ उगाकर खाते हैं. आपकी साइट तो एकदम बंद है, कोई आता-जाता नहीं. ये तो बहुत नीचे जाएगी." एक सुनावणी अजून बाकी होती. रहिवाशांचं म्हणणं ऐकायला ती आणि एक अधिकारी आमच्या हॉलमध्ये येणार होते. त्यानंतर यादी पक्की.

गाडी निघून गेली आणि मी तिथेच उभी राहिले. पैसे मिळणार नाहीत, हे मागाहून सुचलं. आधी हे डोक्यात शिरलं की शिसं, क्रोमियम, आणि आम्ही सगळे ताटात ते वाढून घेतोय. मी जिना चढत वर गेले. बाबा गॅलरीतून सगळं बघत होते.

"काय म्हणते ती पोरगी?"

मी सांगितलं. गोड करून सांगणं मला कधी जमलं नाही. म्हटलं, बाबा, जमीन खराब आहे. पानं आजपासून बंद. आणि ही जमीन साफ व्हायची असेल तर तुम्ही त्यांच्यासमोर उभं राहून सांगायला पाहिजे की मी इथे रोज येतो, धोपा लावतो आणि लोकांना देतो. नुसतं अळू दाखवलं तर ते आपोआप उगवलंय म्हणतील; लावणाऱ्यानंच सांगायला हवं.

बाबांनी खुर्ची कारखान्याकडे पाठ करून वळवली. मग म्हणाले, "म्हंजे मी सगळ्यांसमोर सांगू का मी लोकायले विष चारलं?"

"तुम्हाला काय माहीत होतं? कुणालाच माहीत नव्हतं."

"तुले नाही समजणार, बाई. माह्या बापाच्या हातचं कोणी खाल्लं नाही. इथं माह्या हातचं सगळे खातात. आता मी म्हणू का, त्याच्यात जहर होतं? मंग ते काय म्हणतील? म्हणतील, घ्या, ह्यांच्या हातचं खाऊन हे झालं."

"असं कुणी म्हणणार नाही."

"तू काय त्यायच्या घरात बसते?"

मला रडूही आलं आणि भयंकर रागही आला. त्या पळालेल्या मालकाचा आला, चुन्याच्या रेघांचा आला, आजोबांच्या गावाचा आला, आणि सगळा निघाला बाबांवरच. मी म्हटलं, मग बसा गप्प. पुढचा कुणी तरी म्हातारा दुसरं काही तरी लावेल आणि दुसऱ्या कुणाची तरी नातवंडं खातील. ताट आपटलं मी. ते जेवले नाहीत, मीही नाही. आमच्या घरात राग आला की दोघंही उपाशी राहतात, ही जुनी पद्धत आहे.

पुढचे काही दिवस घरात नुसता टीव्ही बोलत होता. पानांसाठी बेल वाजली की मी दार उघडून, अळूला कीड लागलीय, असं सांगून टाकायची. बाबा आतल्या खोलीत असायचे.

सुनावणीच्या दिवशी हॉल भरला होता. इंजिनीअर मुलगी पुढे बसली होती, तिच्याशेजारी एक झोपाळू अधिकारी. सेक्रेटरी काकांनी भाषण सुरू केलं : परिसर पूर्णतः बंदिस्त आहे, रहिवासी कायद्याचं काटेकोर पालन करतात. मी आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन तासभर समजावलं होतं, की काका, नेमकं हेच बोलायचं नाही. पण कागद आधी तयार झालेला, आणि तयार कागद बदलणं त्यांच्या हातून होईना. मी उठणार इतक्यात माझ्या शेजारची खुर्ची वाजली.

बाबा उभे राहिले होते. धुतलेला पांढरा सदरा, हातात टोपी. आपण बोलणार आहोत याचा त्यांनी मलाही पत्ता लागू दिला नव्हता.

"मॅडम," ते म्हणाले, "मैं रोज अंदर जाता हूँ. वो लोखंड की अलमारी है ना, उसके बाजू से."

अधिकारी जागा झाला. सेक्रेटरी काका खाली बसले.

"मैंने उधर धोपा लगाया है. आप लोग अरबी का पत्ता बोलते. वो जाली के नीचे है. मैं खाता हूँ. मेरी बेटी खाती है." हातातली टोपी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. "और इन सबको मैंने खिलाया. मेरे हाथ से. मालूम नहीं था. अब मालूम हुआ."

कुणी कुणाकडे बघेना. मला वाटलं, झालं, बाबा म्हणत होते तेच खरं. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवायला उठले.

तेवढ्यात मागून पुण्याच्या काकूंचा आवाज आला. "मी खाल्लंय! मैंने खाया है. लिखिए. हर हफ़्ते. गणपतीला तर दोन-दोन जुड्या." त्या गुडघे धरून कशाबशा उभ्या राहिल्या. "और ये जो परिंदा-परिंदा कर रहे थे ना, इन्होंने तो मेरे घर आकर वड्या खाल्ल्यात!"

"मी नाकारतोय का?" सेक्रेटरी काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "खाल्ल्यात. मागूनही घेतल्यात."

मग पंजाबी आंटी उठल्या, हमने तो जी पकौड़े बनाए, बेटी के ससुराल भी भेजे. मग दुसऱ्या जिन्यातले बंगाली दादा. मग जो तो. कुणी जास्त खाल्लं यावर हमरीतुमरी सुरू झाली. ज्या जोशी-कुलकर्णी मंडळींना बाबांनी कधी जुडी दिलीच नव्हती, तीही मागे राहीनात. आम्ही नाही कसे? आम्हीही खाल्लं! इंजिनीअर मुलगी हसत हसत ओरडत होती, एक-एक करके, प्लीज़, एक-एक करके! मी आयुष्यात इतक्या सुनावण्या बघितल्या, पण विष खाल्ल्याचं कबूल करायला अशी रांग कुठे बघितली नाही.

बाबा तसेच उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते रडत होते, आणि ते लपवायचंही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मीही रडले. नाही कशाला म्हणू?

आमची जमीन यादीत वर गेली. सविस्तर तपासणीला पैसे मंजूर झाले आणि नंतर सफाईलाही. आम्ही सगळे जिनाभर माणसं एकदम करोल बागेतल्या एका लॅबमध्ये रक्त द्यायला गेलो. लॅबवाल्याला वाटलं, कुठली तरी पिकनिक आलीय. रक्त दिल्यावर समोरच छोले-भटुरे खाल्ले, तेव्हा पिकनिकच झाली. रिपोर्टांत घाबरण्यासारखं काही निघालं नाही. फक्त बाबांच्या रक्तात शिसं जरा जास्त होतं, कारण मातीत हातही त्यांचेच होते. डॉक्टरांनी सांगितलं, आता तिकडे जायचं नाही आणि ठरावीक काळानं तपासत राहायचं. बाबांनी ऐकलं. म्हणजे भिंतीपर्यंत जातात, पण आत जात नाहीत.

धोपा उपटला त्या दिवशी मी मुद्दाम घरी थांबले. पांढरे पोशाख घातलेले दोघं आले, कंदांसकट सगळा उपटून जाड पिशव्यांत भरला, पिशव्यांना पट्ट्या लावल्या आणि गाडीत घालून घेऊन गेले. बाबा गॅलरीत उभे राहून बघत होते. मी म्हटलं, बाबा, जमीन साफ झाली की पुन्हा लावू. ते म्हणाले, "तोवर मी कुठं राह्यतो?" मी म्हटलं, असलं काही बोलायचं नाही. मग ते म्हणाले, "तसं नाही गं. म्हणतो, पानं नाही तर आता मले इथं कोण पुसते?"

मी आत जाऊन उगाच कपडे वाळत घातले.

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काकू. हातात आयएनए मार्केटची पिशवी, तिच्यातून अळूची मलूल पानं डोकावत होती. मला बाजूला सारून त्या थेट आत गेल्या, बाबांसमोर.

"भाऊ, चला वर. वड्या वळायच्यात."

बाबा गोंधळले. "मी? तुमच्या घरी?"

"मग काय रस्त्यावर? माझा संधिवात बघताय ना, बोटं वळत नाहीत. नैवेद्याच्या आहेत, सुटून चालायच्या नाहीत. तुमच्या सुटत नाहीत. बुद्धपौर्णिमेला तुम्ही पाठवलेल्या मी खाल्ल्यात, मला माहितीय."

"वहिनी, मी गणपती मानत नाही."

"गणपतीला कोण विचारतंय? खाणारे आम्ही. उठा, बेसन भिजवून ठेवलंय मी."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम पेपरात तोंड घातलं.

ते उठले. बेसिनपाशी जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, सावकाश, नखंसुद्धा. टॉवेलनं कोरडे केले. मग चपला घालता घालता काकूंना म्हणाले, "येतो. पण चिंच किती घालायची ते मी सांगीन."

"चिंच मी घातलीय."

"मंग कमी घातली असंल."

जिना चढता चढता दोघांचं भांडण मला तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होतं.